वॉर्डात दुसऱ्याचा अपमान बघून माझे हात का थरथरतात?

तुझा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तू बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घर गोव्यात डिचोलीकडे. मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग असताना इनचार्ज सिस्टरनी एका नव्या स्टाफ नर्सला पेशंट आणि नातेवाइकांच्या देखत झापलं, हातातली केस शीट तिच्या अंगावर फेकली. थोड्या वेळाने राउंडला आलेल्या डॉक्टरांनी त्याच मुलीला ‘तू घरी बसून भाकऱ्याच थाप’ असं हिणवलं. तुम्ही विद्यार्थिनी भिंतीला लागून उभ्या होतात. कोणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून ड्युटीला निघताना तुझ्या पोटात गोळा येतो, कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाइनची नळी) काढताना हात थरथरतो. आणि परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलीवर तू तशीच खेकसलीस, जवळजवळ त्याच शब्दांत. मैत्रीण म्हणते, तुला कोण काय बोललं, मग तुला काय झालं? आई म्हणते, नोकरी म्हटली की हे आलंच, सहन करायला शीक. आणि तू विचारतेस की मी मनाने कमकुवत आहे का, नर्सिंग सोडू का, की निदान पुढची पोस्टिंग दुसऱ्या वॉर्डात मागून घेऊ.

आधी वॉर्डात आणि नंतर ट्यूटर म्हणून मी आयुष्य काढलं. हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये असतो, फक्त इतका सरळ कोणी विचारत नाही. कोणाला नेमकी एकाच वॉर्डाच्या पोस्टिंगला पोटदुखी होते. हजेरीपटावर बोट फिरवलं की दांड्या कुठे पडल्यात ते दिसतं. केस स्टडी सुरेख लिहिणारी मुलगी पेशंटच्या खाटेशी उभी राहिली की तोंड उघडत नाही. तिला आम्ही ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होतो.

कमकुवतपणाचं आधी निकालात काढू. बघणाऱ्यावर परिणाम होतो, हे तपासून पाहिलेलं आहे. २००९ साली क्रिस्टीन पोराथ आणि अमीर एरेझ यांनी प्रयोगांतून दाखवलं की उद्धट वागणूक नुसती पाहिलेल्या माणसाचंही काम घसरतं. साध्या कोड्यांतही आणि डोकं चालवायच्या कामातही. २०१५ मध्ये इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ टीमना घेऊन एक सराव झाला. काही टीमसमोर बाहेरून आलेला ‘तज्ज्ञ’ मुद्दाम तुच्छतेने बोलला. त्या टीमचं निदान चुकायला लागलं, हातातलं कामही बिघडलं, आणि मुख्य म्हणजे त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं. हे सगळे रोज तेच काम करणारे, मुरलेले डॉक्टर आणि नर्स होते. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलीचा हात थरथरला तर त्यात नवल ते काय?

मदत मागणं कमी होतं, हा मुद्दा जरा वॉर्डात नेऊन बघ. आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) दोन ताकदीच्या येतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. सिरिंजही वेगळ्या, ४० वाली लाल टोपीची आणि १०० वाली केशरी. वायल १०० ची आणि सिरिंज लाल टोपीची अशी गल्लत झाली आणि २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला टोपीचा रंग दिसतो. तिला शंका येते. शंका विचारायला ‘सिस्टर, वायल १०० ची आहे ना?’ एवढंच म्हणायचं असतं. पण तिने परवा केस शीट उडताना पाहिली आहे. ती लेबल पुन्हा वाचते, सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघते आणि गप्प राहते. वाटतं, त्यांना माहीतच असणार, आपण कोण? अशा गप्प बसण्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, आणि दुपारी साखर उतरून पेशंटला घाम फुटला, भोवळ आली तर त्याचं कारणही कोणी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींपर्यंत शोधत येत नाही.

म्हणून मला तुझ्या थरथरणाऱ्या हातापेक्षा तुझ्या गप्प बसण्याची काळजी जास्त वाटते. हात सरावाने स्थिर होईल. ‘विचारलं की मार बसतो’ हा धडा एकदा पक्का बसला की तो पुसायला फार वेळ लागतो, आणि पुढे पगार सुरू झाल्यावर तर तो पुसायला कोणी बसतच नाही.

दुसरी गोष्ट, त्या ज्युनियर मुलीवर खेकसलीस ती. हे तू लपवलं असतंस तरी चाललं असतं, पण लिहिलंस, आणि तुझ्या सगळ्या पत्रातला महत्त्वाचा भाग तोच आहे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात लहान मुलांवर प्रयोग केले होते. मोठ्या माणसाला एका फुगवलेल्या बाहुलीला बडवताना मुलांनी पाहिलं, आणि नंतर संधी मिळताच त्यांनीही ती बडवली. पुढच्या एका प्रयोगात बडवणाऱ्याला शिक्षा होते असं दाखवलं, तेव्हा मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस देतो’ म्हटल्यावर त्यांनीही हुबेहूब करून दाखवलं. म्हणजे शिकलेली सगळीच होती. तुझ्या बाबतीत तेच झालं. वॉर्डात अधिकार कसा वापरतात याचं प्रात्यक्षिक तू पाहिलंस आणि तुझ्या हाताखाली पहिली व्यक्ती आल्याबरोबर ते बाहेर आलं. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. तुला ते खटकलं, एवढी शुद्ध शाबूत आहे. बऱ्याच जणींना पाच-सहा वर्षांनी ते खटकत नाही, आणि मग त्या इनचार्ज होतात. उद्या जाऊन त्या मुलीला ‘त्या दिवशी मी चुकीचं बोलले’ एवढं सांग. लांबण लावू नकोस, कारणं देऊ नकोस.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते सांगते, कारण सगळ्याला एकच माप लावलं की घोटाळा होतो. वॉर्डातलं प्रत्येक ओरडणं म्हणजे छळ नसतो. पेशंटचा श्वास थांबला आणि सिस्टर किंचाळल्या, ‘अगं उभी काय राहतेस, अँब्यू (श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी) दे इकडे!’ तर त्यात अपमान शोधू नकोस. मी स्वतः असं बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. मी फरक असा करते: बोलणं कामाबद्दल होतं की माणसाबद्दल? काम संपल्यावर ते संपलं की पुढे चालू राहिलं? समोरच्याला उत्तर द्यायला जागा होती का? ‘ड्रिपचा रेट चुकलाय, आत्ता बदल’ हे कितीही चढ्या आवाजात म्हटलं तरी काम आहे. ‘भाकऱ्या थाप’ हे हळू आवाजात म्हटलं असतं तरी छळच. तू सांगितलेल्या दोन्ही प्रसंगांत मला काम कुठे दिसत नाही.

मग कोणी केलं, यावरही बरंच ठरतं. नातेवाइकाने कॅज्युअल्टीत हात उगारला तर निदान सगळा स्टाफ एका बाजूला असतो, विद्यार्थ्यालाही कोणीतरी मागे ओढून घेतं. गोव्यात दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी २०१३ पासून स्वतंत्र कायदाही आहे. डॉक्टर नर्सला बोलले तर नर्सेस आपापसात तरी कुजबुजतात. पण आपलीच सीनियर आपल्याच ज्युनियरला तुडवते तेव्हा बघणाऱ्या विद्यार्थिनीला जायला जागाच उरत नाही, कारण जिच्यासारखं व्हायचं म्हणून ती या कोर्सला आली, तीच समोर हे करत असते. माझ्या अनुभवात मुली सगळ्यात खोल याच प्रकाराने मोडतात. घरी आरडाओरडा, मारझोड बघत वाढलेली मुलगी असेल तर आणखीच. ती थरथरत नाही, ती दगडासारखी होते, आणि शिक्षकांना वाटतं की काय खंबीर आहे!

इनचार्ज सिस्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. तुझ्या वॉर्डात रात्रपाळीला किती जणी असतात ते तूच मोज. सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंतचे पेशंट, कोकणी-मराठी-हिंदी-कानडी सगळं एका वेळी, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या. त्या बाई आठ तास आग विझवत असतात. यातून त्यांचा पारा का चढतो ते कळतं. केस शीट अंगावर फेकायची मुभा मात्र मिळत नाही.

आपल्या गोव्याची म्हणून एक वेगळीच अडचण आहे. राज्य एवढंसं. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं, फोंडा आणि चिखलीची उपजिल्हा रुग्णालयं, आणि काही खासगी. जिच्या वॉर्डात आज शिकायचं, उद्या नोकरीसाठी तिच्याच समोर उभं राहायचं. वर ती कोणाच्या तरी मावशीची नणंद निघते. साखळी गावात काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते म्हापशाला पोचलेलं असतं. त्यामुळे ‘तक्रार कर’ असा सल्ला देणं सोपं आहे, आणि तो देणाऱ्याला काही गमवायचं नसतं. मी तुला तो तसाच देणार नाही. पण गप्प राहणं आणि तक्रार करणं यांच्या मधे बरीच जागा आहे.

बघणाऱ्याला काय सावरतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. जून २०२५ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर एका वरिष्ठ डॉक्टरना झापलं आणि निलंबनाचा आदेश दिला. व्हिडिओ घरोघरी पोचला. डॉक्टर आंदोलनाला उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, मंत्र्यांनी माफी मागितली. त्या प्रकरणावर खूप चर्चा झाली, पण हे सगळं उभ्या-उभ्या बघणाऱ्या ज्युनियर आणि विद्यार्थ्यांचं काय झालं असेल, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. माझं मत असं, की त्यांना त्या प्रसंगातून जे काही सावरलं असेल ते पुढच्या दिवसांनी. आपल्या वरच्या लोकांनी ‘हे चूक होतं’ असं उघड म्हटलेलं त्यांनी ऐकलं. तुमच्या मेडिसिन वॉर्डात नेमकं तेच झालं नाही. केस शीट उचलली गेली, राउंड पुढे सरकला, आणि तुम्हा मुलींना त्यातून अर्थ काढायला एकटं सोडून दिलं.

तर ‘हे चूक होतं’ हे वाक्य कोणाकडून तरी मिळवणं, हे तुझं पहिलं काम. तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर त्या दिवशी हजर नसतील, तर पोस्ट-कॉन्फरन्सला (ड्युटी संपल्यावर ट्यूटरबरोबर होणाऱ्या चर्चेला) थांब आणि विचार. आरोप करू नकोस, प्रश्न विचार: ‘मॅडम, वॉर्डात असं झालं, आम्ही तिथे उभ्या होतो. अशा वेळी विद्यार्थिनीने काय करायचं असतं?’ या प्रश्नाला राग येण्यासारखं काही नाही आणि टाळणंही अवघड. एकटी जाऊ नकोस, भिंतीला लागून उभ्या असलेल्यांपैकी आणखी एकीला घे. एका मॅडमनी झटकलं तर दुसऱ्या शोध. प्रत्येक कॉलेजात एक तरी असते जिच्या केबिनचं दार मुली न घाबरता ढकलतात, आणि ती कोण हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

(ट्यूटर मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. पोस्ट-कॉन्फरन्सची पंधरा मिनिटं आपण प्रोसीजर बुकवर सह्या करण्यात घालवतो. त्यातली पाच ‘आज काय पाहिलंत जे पटलं नाही?’ या प्रश्नाला द्या. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही. विचारत राहा.)

दुसरं, त्या स्टाफ नर्सशी बोल. अपमान तिचा झाला आणि कदाचित आजवर तिला कोणीही येऊन विचारलेलं नाही. चहाच्या वेळी किंवा कपडे बदलताना एवढंच म्हण, ‘सिस्टर, त्या दिवशी जे झालं ते आम्हाला आवडलं नाही.’ ती म्हणेल, ‘सोड गो, रोजचंच आसा.’ म्हणू दे. तिच्या वतीने लढायला जाऊ नकोस, पुढे काय करायचं ते तिने ठरवायचं. पण तुझ्यापुरता त्यातून फायदा असा, की तू नुसती बघ्या राहत नाहीस.

त्या प्रसंगात तिथल्या तिथे काय करता आलं असतं, असं तुला वाटत असेल. इनचार्जला अडवणं दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून मी अपेक्षित धरत नाही. करता येण्यासारखं छोटं असतं. खाली पडलेली केस शीट उचलून त्या नर्सच्या हातात देणं. ‘सिस्टर, सात नंबरचं ड्रेसिंग करायचंय, येता का?’ म्हणून तिला तिथून बाहेर काढणं. मी हे विद्यार्थिनींना करताना पाहिलंय, आणि ओरडणारा माणूस त्याने बहुतेक वेळा थांबतो.

तिसरं, लिहून ठेव. तारीख, वेळ, वॉर्ड, कोण काय म्हणालं ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत, तिथे कोण कोण होतं. पेशंटचं नाव किंवा आयपी (भरती झाल्याचा) नंबर घालू नकोस. मोबाइलवर शूटिंग तर अजिबात नको, मागे पेशंट दिसतात आणि मग सगळं प्रकरण तुझ्यावरच उलटतं. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नकोस. हा कागद तक्रारीसाठी लागेल न लागेल. महिन्याभराने ‘एवढं काही झालं नव्हतं’ असं तुझंच मन तुला सांगायला लागेल, तेव्हा तो उपयोगी पडेल.

तक्रारीचे रस्ते माहीत असावेत म्हणून सांगते. बोलण्याला किंवा स्पर्शाला लैंगिक वास असेल तर २०१३ चा पॉश कायदा (कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा) तुला लागू होतो. त्यात रुग्णालय हे कामाचं ठिकाण धरलेलं आहे, प्रशिक्षणार्थीही त्यात येतात, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. जिच्यावर प्रसंग ओढवला ती स्वतः तक्रार करू शकत नसेल, तर तिची लेखी संमती घेऊन घटना माहीत असलेली दुसरी व्यक्तीही करू शकते. सीनियर विद्यार्थी त्रास देत असतील तर ते रॅगिंग, त्याची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तू सांगितलेला प्रसंग या दोन्हींत सरळ बसत नाही. त्यासाठी वाट ट्यूटर, मग प्रिन्सिपल, आणि हॉस्पिटलच्या बाजूने नर्सिंग सुपरिंटेंडंट अशीच जाते. ती हळू चालते. पाच जणींनी मिळून सही केलेलं पत्र एकटीच्या पत्रापेक्षा लवकर वाचलं जातं, आणि एवढ्याशा गोव्यात एकटीचं नाव पुढे येण्यापासूनही ते वाचवतं.

तब्येतीचं सांगते. पोटात गोळा, थरथर, त्या प्रसंगाचं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, हे पहिले काही दिवस होणारच. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वॉर्डाच्या दारात छातीत धडधडत असेल, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं असेल, तर ट्यूटरची वाट बघू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. तिथे ‘कोणी बघेल’ म्हणून जायला मुली कचरतात. पण तू नर्सिंगची विद्यार्थिनी आहेस, तिथे दिसलीस तर लोक पोस्टिंगच आहे असं समजतील!

आईवर चिडू नकोस. तिने तिच्या कामाच्या जागी असंच काहीतरी गिळून घर चालवलं असेल, म्हणून ती तसं म्हणते. तिला ‘मला वाईट वाटतं’ म्हणण्याऐवजी ‘माझा हात थरथरतो आणि पेशंटला लागेल’ असं सांगून बघ. ऐकेल.

नर्सिंग सोडण्याचा निर्णय या पोस्टिंगमध्ये घेऊ नकोस. सेमिस्टर संपू दे, दुसरे एक-दोन वॉर्ड बघ, जिथली इनचार्ज शिकवते असा एखादा तरी लागेल. कम्युनिटीची (वॉर्डाबाहेर, लोकांच्या वस्तीत जाऊन करायची) पोस्टिंग बघ, तिथे हवाच वेगळी असते. त्यानंतरही नको वाटलं तर सोड. मी ओळखते अशा काही जणींनी सोडलं आणि बरंच केलं. पण त्या या कामाला कंटाळून गेल्या, भिंतीपाशी उभं राहून घाबरून नाही.

राहिला वॉर्ड बदलण्याचा प्रश्न. क्लिनिकलचे तास भरावेच लागतात, त्यामुळे मेडिसिन कायमचं टळणार नाही, आणि टाळत गेलीस की भीती वाढत जाते. मी असं करेन: पोस्टिंग रद्द मागण्याऐवजी पुढेमागे करून मागेन, सकाळपाळी मागेन, कारण तेव्हा इन्स्ट्रक्टर वॉर्डात असतात, आणि जोडीला मैत्रीण मागेन. कॉलेज बहुतेक ऐकतं, कारण यात त्यांना काही खर्च नाही. अर्ज चार ओळींचा कर, कोणाचं नाव घालू नकोस, ‘वॉर्डातल्या एका प्रसंगामुळे क्लिनिकल शिक्षणावर परिणाम होत आहे’ एवढं कारण पुरे. एक प्रत स्वतःकडे ठेव आणि ऑफिसातून आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस.